हुरड्याच्या आगटीभोवती सिॲटल मरिनर्स

गेल्या रविवारी मंगळवेढ्याच्या वाटेवर आमच्या एका मित्राच्या शेतात यंदाचा पहिला हुरडा झाला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसून ठेवलेली ज्वारीची कणसे बाहेर काढायची, हाताला चटका बसत असतानाच ती तळहातावर चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचे आणि हिरवे, दुधाळ दाणे शेंगाचटणीबरोबर तोंडात टाकायचे, हा सोलापूरकरांचा थंडीतला ठरलेला आनंद आहे. आम्ही सहा जण आगटीभोवती बसलो होतो आणि पहिल्या कणसाचे दाणे हातात येण्याआधीच आमच्या सरांनी विषय काढला, ‘पोलान्कोला जाऊ द्यायला नको होतं.’ पुढचे दोन तास आम्ही दुसऱ्या कशाबद्दलही बोललो नाही.

होर्हे पोलान्को हा सिॲटल मरिनर्स या अमेरिकेतल्या बेसबॉल संघाचा फलंदाज. डिसेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला दोन वर्षांसाठी ४ कोटी डॉलर देऊन नेले. बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत चालतो, प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, ऑक्टोबरात बाद फेरी होते आणि त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत मैदाने शांत असतात. त्या काळात खेळाडूंचे करार होतात, अदलाबदली होतात आणि चाहते वाद घालतात. थंडीत शेगडीभोवती बसून होणाऱ्या या चर्चेला तिकडे ‘हॉट स्टोव्ह’ असेच नाव आहे. आमची शेगडी शेतातली आगटी आहे, एवढाच फरक. आयपीएलसारखा एक-दोन दिवसांचा लिलाव तिथे नसतो. सहा वर्षांची सेवा पूर्ण झालेला आणि करार संपलेला खेळाडू मोकळा होतो आणि त्याचा एजंट कोणत्याही संघाशी बोलू शकतो. संघाच्या एकूण खर्चालाही पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेले की कर भरावा लागतो, आणि २०२५ साठी ती रक्कम २४ कोटी १० लाख डॉलर होती. लॉस एंजेलिस डॉजर्ससारखा श्रीमंत संघ कर भरून हवा तो खेळाडू आणतो, आणि बाकीच्या संघांचे चाहते रोज सकाळी फोन उघडून आपल्या संघाने आज तरी काही केले का, हे पाहत राहतात.

सोलापुरात हे वेड कसे आले, ते थोडक्यात सांगतो. माझ्या दादाचा मुलगा २०१६ मध्ये नोकरीनिमित्त सिॲटलला गेला आणि तिथला होऊन गेला. आमचे सर निवृत्त क्रीडाशिक्षक; त्यांनी शाळेतल्या मुलींचे सॉफ्टबॉलचे संघ वर्षानुवर्षे घडवले. सोलापूरची महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्या काळात मी स्वतः महाविद्यालयाकडून सॉफ्टबॉल खेळलो आहे. त्यामुळे पिचर (चेंडू टाकणारा), कॅचर (फलंदाजामागे बसून तो झेलणारा), स्ट्राइक (फलंदाजाचा हुकलेला चेंडू; असे तीन झाले की तो स्ट्राइक आऊट), होमरन (थेट मैदानाबाहेर मारलेला फटका) हे शब्द आम्हाला नवे नव्हते. सिॲटलमध्ये संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी सुरू होणारा सामना इथे सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी लागतो, म्हणजे चहाच्या वेळेला. १ ऑक्टोबर २०२२ च्या सकाळी आम्ही दादाच्या ओसरीत बसून कॅल राली याचा तो होमरन पाहिला, ज्याने मरिनर्सला २१ वर्षांनी बाद फेरीत नेले. मुख्य अमेरिकी खेळांत बाद फेरीसाठी इतकी वर्षे वाट पाहत असलेला दुसरा संघ तेव्हा नव्हता. त्या सकाळपासून हा संघ आमचा झाला.

पोलान्कोवरून जो वाद झाला, तो समजण्यासाठी मागच्या वर्षीच्या हुरड्याकडे जावे लागेल. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा, उरकली होती, जानेवारीचे शेवटचे दिवस होते, याच शेतात याच आगटीभोवती आम्ही बसलो होतो आणि सगळेच चिडलेले होतो. मरिनर्स २०२३ मध्ये ८८ सामने जिंकूनही एका विजयाने बाद फेरीला मुकले होते. २०२४ मध्ये ८५ जिंकले आणि पुन्हा एकाच विजयाने मुकले. गोलंदाजी उत्तम होती. लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, ब्राइस मिलर, ब्रायन वू आणि लुईस कॅस्टिलो या पाच सुरुवातीच्या पिचरांची कामगिरी २०२४ मध्ये सगळ्या संघांत सरस ठरली होती. फलंदाजीची सरासरी मात्र .२२४, म्हणजे दर हजार प्रयत्नांत २२४ यशस्वी फटके, एवढीच होती, आणि फलंदाज ज्या संख्येने स्ट्राइक आऊट होत होते, ते पाहवत नव्हते. अशा संघाने हिवाळ्यात दोन-तीन चांगले फलंदाज आणावेत, हे शेंबडे पोरही सांगेल.

संघाने काय केले? ३७ वर्षांच्या डोनोव्हन सोलॅनोला एका वर्षासाठी ३५ लाख डॉलरवर घेतले. आणि पोलान्को, ज्याने २०२४ मध्ये .२१३ सरासरीने निराशा केली होती, ज्याच्या गुडघ्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती आणि ज्याचा करार १ कोटी २० लाखांवर पुढे चालू ठेवण्याचा पर्याय संघानेच नाकारला होता, त्यालाच ७७ लाख ५० हजारांवर परत बोलावले. त्याच हिवाळ्यात मेट्सने हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले होते. आदल्या वर्षी मरिनर्सकडून खेळलेला जस्टिन टर्नर यानेही संघ फलंदाज का आणत नाही, याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

त्या दिवशी सर सर्वांत जास्त रागावलेले होते. संघाचे प्रमुख जेरी डिपोटो यांनी २०२३ च्या हंगामाअखेर, दहा वर्षांत सरासरी ५४ टक्के सामने जिंकणारे संघ शेवटी यशस्वी होतात, अशा अर्थाचे विधान केले होते आणि चाहत्यांच्या संतापानंतर त्याबद्दल माफीही मागितली होती. सरांच्या मनातून ते आकडे गेलेले नव्हते. त्यांनी हातातले कणीस बाजूला ठेवले आणि हिशेब मांडला: १६२ चे ५४ टक्के म्हणजे साडेसत्याऐंशी, २०२३ मध्ये आपण ८८ जिंकलो, म्हणजे ५४ टक्क्यांच्या वर, आणि तरी घरी बसलो. या हिशेबाला आजही माझ्याकडे उत्तर नाही. ज्या संघाचा एका विजयाने दोनदा घात झाला, त्याने सरासरीची भाषा बोलू नये, तो एक विजय कुठून येईल हे शोधावे, हे सरांचे म्हणणे मला पूर्ण पटते.

अण्णांचे मत वेगळे होते. अण्णांचा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि ते खेळाडूंच्या कराराकडेही कारखानदाराच्या नजरेने पाहतात. ते म्हणाले, ‘मालक, सुताचा भाव चढलेला असताना गोदाम भरून ठेवणारा पुढे रडतो. आणि एक लक्षात ठेवा, माग केव्हाही विकत मिळतो, जॉबर मिळत नाही. चांगला जॉबर दुसऱ्याकडे गेला, की चालू माग बंद पडतात.’ त्यांच्या मते पाच पिचर हे मरिनर्सचे जॉबर, म्हणजे माग चालू ठेवणारे कारागीर, होते. त्यांतले चौघे संघाने स्वतः निवडून, खालच्या लीगमध्ये वाढवून तयार केले होते आणि पाचव्या कॅस्टिलोला अदलाबदलीत आणून मोठा करार दिला होता. हिवाळाभर चर्चा होती, की यांच्यापैकी एकाला, बहुधा कॅस्टिलोला, देऊन टाकावे आणि बदल्यात फलंदाज घ्यावा. मीही त्या मताचा होतो आणि मी ते आगटीसमोर मोठ्या आवाजात मांडले होते. अण्णा नाही म्हणाले. संघानेही कॅस्टिलोला दिले नाही.

सरांची एक जुनी विद्यार्थिनी आमच्यात असते. ती महाविद्यालयात असताना कॅचर होती, आता बँकेत अधिकारी आहे. तिने त्या दिवशी एवढेच म्हटले होते, ‘काका, बाहेरून कोण येतं ते सगळे बघतात, रालीचा करार कधी होतो ते कोणी बघत नाही. पिचर कितीही चांगला असू दे, कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर मागतो.’ मार्चच्या अखेरीस, हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, मरिनर्सने राली याच्याशी सहा वर्षांसाठी १० कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. त्या हिवाळ्यातला तोच सर्वांत मोठा खर्च ठरला आणि तो घरातल्याच माणसावर झाला. त्या वर्षी राली याने ६० होमरन मारले. एका हंगामात कोणत्याही कॅचरने तोवर इतके मारलेले नव्हते. तिने नंतर कधीही ‘मी म्हटलं होतं’ असे म्हटले नाही, म्हणून मी इथे नोंदवून ठेवतो.

मात्र संघ शांत राहिला आणि सगळे आपोआप ठीक झाले, असे चित्र आता कोणी रंगवू लागले, तर ते मला मान्य नाही. जुलैपर्यंत पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर (धाव घेताना गाठायच्या थांब्यांवर) उभ्या राहणाऱ्या खेळाडूंची फलंदाजी लंगडीच होती. ती सावरली ती जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, ॲरिझोनाकडून आधी जॉश नेलर आणि मग युजेनिओ सुआरेझ आल्यावर. सुआरेझला तर याच संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲरिझोनाला देऊन टाकले होते, आणि त्यामागे पगाराचा बोजा कमी करणे हे कारण होते, हे तेव्हा सर्वांनाच दिसत होते. जो माणूस घरात होता, त्याला पैशापायी बाहेर काढायचे आणि पावणेदोन वर्षांनी तरुण खेळाडू मोजून परत आणायचे, याला काटकसर म्हणता येत नाही. नेलरने मात्र आल्या आल्या संघाचा चेहराच बदलला. पहिल्या बेसवरचा धिप्पाड खेळाडू, पळण्यात मंद, आणि तरीही केवळ पिचरच्या हालचाली वाचून त्याने मरिनर्सकडे आल्यावर १९ बेस चोरले, म्हणजे चेंडू मारला जाण्याची वाट न पाहता पळत पुढचा बेस गाठला. सर त्याची चित्रफीत थांबवून थांबवून पाहतात आणि प्रत्येक वेळी त्याचे पाऊल नेमके कधी उचलले जाते ते आम्हाला दाखवतात. सप्टेंबरात या संघाने १८ पैकी १७ सामने जिंकले आणि २००१ नंतर पहिल्यांदा आपल्या विभागात पहिला क्रमांक मिळवला.

आणि मग ११ ऑक्टोबरचा शनिवार आला. डेट्रॉइट टायगर्सविरुद्धचा पाचवा, निर्णायक सामना इथे पहाटे साडेपाचनंतर सुरू झाला. डेट्रॉइटच्या तारिक स्कूबलने सहा डावांत आमचे १३ फलंदाज स्ट्राइक आऊट केले. नऊ डावांनंतर, जिथे सामना एरवी संपतो तिथे, बरोबरी, दहानंतर बरोबरी, बारानंतर बरोबरी. दादाच्या घरी वहिनींनी दोनदा चहा केला, मग पोहे केले, आणि कोणाचेही ताटलीकडे लक्ष नव्हते. मदतीचे पिचर संपत आले, तेव्हा जे गिल्बर्ट आणि कॅस्टिलो एरवी सामन्याची सुरुवात करतात, ते त्या रात्री सामन्याच्या शेवटी, विश्रांती मोडून, गोलंदाजीला उतरले. ज्या कॅस्टिलोला विकावे असे मी म्हणत होतो, तोच पंधराव्या डावात माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभा होता आणि विजय त्याच्याच नावावर लिहिला गेला. पंधराव्या डावाच्या उत्तरार्धात तिन्ही बेस भरलेले असताना फलंदाजीला आला पोलान्को. त्याने चेंडू उजवीकडे मारला, जे. पी. क्रॉफर्ड धाव पूर्ण करून घरी आला, ३-२. आमच्या घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. सर उठून उभे राहिले, पण काही बोलू शकले नाहीत.

जानेवारीत ज्या दोन गोष्टींवरून आम्ही सर्वांत जास्त भांडलो होतो, म्हणजे कॅस्टिलोला न विकणे आणि पोलान्कोला परत बोलावणे, त्या दोन गोष्टींवर तो सामना जिंकला गेला. पोलान्कोने त्या हंगामात २६ होमरन मारले होते आणि याच मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात त्याच स्कूबलला दोन होमरन ठोकले होते. त्याचा गुडघा दुरुस्त झाला, तर हा फलंदाज पूर्वीसारखा खेळेल, हे संघाच्या माणसांनी आतून पाहिले असणार. बाहेरून आम्हाला फक्त .२१३ दिसत होते. शांत हिवाळ्याचा न्याय करताना ही अडचण नेहमीच येते. नवा खेळाडू आला की त्याचे नाव, रक्कम, छायाचित्र समोर येते. ठेवलेला पिचर किंवा बरा होत असलेला गुडघा यांची बातमी होत नाही. म्हणून किती नावे आली, यापेक्षा जे पुन्हा मिळणे कठीण आहे, ते राखले का आणि का राखले, हे मी आता आधी पाहतो.

ऐन दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, पुढच्या फेरीतला टोरँटोविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना आम्ही हरलो. राली आणि हुलिओ रॉड्रिगेझ यांच्या होमरनच्या बळावर ३-१ अशी आघाडी होती. सातव्या डावात दोन जण बेसवर असताना जॉर्ज स्प्रिंगरने एदुआर्द बाझार्दोच्या चेंडूवर होमरन मारला आणि सामना ४-३ असा गेला. संघातला सर्वांत भरवशाचा शेवटचा पिचर आंद्रेस मुन्योस त्या क्षणी का नव्हता, यावर आम्ही अजूनही बोलतो. १९७७ पासून खेळणारा हा संघ आजवर एकदाही वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत पोचलेला नाही, आणि तो असा एकमेव संघ आहे. स्प्रिंगरने तो फटका मारला, तेव्हा आठ बाद राहिले होते. म्हणजे आठ फलंदाज बाद करायचे होते आणि आम्ही तिथे पोचलो असतो.

सरांचा या हिवाळ्यातला राग तिथून येतो. नोव्हेंबरात नेलरला पाच वर्षांसाठी ९ कोटी २५ लाख डॉलर देऊन संघाने ठेवले, याचा सर्वांना आनंद झाला. तरुण कॅचर हॅरी फोर्ड वॉशिंग्टनला देऊन होसे फेरर हा डावखुरा मदतीचा पिचर आणला. स्प्रिंगरच्या त्या डावाची आठवण असलेल्या माणसाला या अदलाबदलीचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. पण पोलान्कोसाठी वर्षाला २ कोटी मोजायची वेळ आली, तेव्हा संघ मागे सरला. सरांचे म्हणणे असे, की इतक्या जवळ पोचलेल्या संघाने या वर्षी हात आखडता घ्यायचा नसतो, आणि सिॲटलला फलंदाज सहजासहजी यायला तयार होत नाहीत. हे खरे आहे. तिथली थंड हवा आणि मैदान दोन्ही पिचरला साथ देतात, फलंदाजाचे आकडे तिथे घसरतात आणि आकड्यांवर पुढचा करार ठरतो. देशाच्या एका कोपऱ्यात असल्याने विमानप्रवासही फार. अशा ठिकाणी रमलेला फलंदाज सोडणे धोक्याचे आहे.

अण्णा म्हणाले, गुडघ्याचे दुखणे झालेल्या तिशीपार माणसाला दोन वर्षे बांधून घेण्यापेक्षा दुसऱ्या बेसवर कोल यंगला उभे करावे. पोर तयार होते आहे. बँकेतल्या आमच्या कॅचरताईंचे म्हणणे, दोन्ही हवे होते. माझे मत विचाराल तर नेलर आणि पोलान्को यांच्यात एकच निवडायचा असेल, तर नेलर, यात शंका नाही. पण निवड एकातच करायची, हे कोणी ठरवले? घरच्या मैदानावर बाद फेरीचे सामने झाले, तिकिटे विकली गेली, तो पैसा पंधराव्या डावापर्यंत उभे राहिलेल्या लोकांकडून आला आहे. संघाने त्यातला काही भाग फलंदाजीत परत घातला पाहिजे आणि तो फेब्रुवारीच्या आत घातला पाहिजे, पुन्हा जुलैची वाट पाहू नये. ही माझी मागणी आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

दुपारी साडेबाराच्या सुमारास दादाने मुलाला फोन लावला. तिकडे शनिवारची रात्र, अकरा वाजलेले. सरांनी तोवर कडब्याच्या काडीने मातीत हिऱ्याच्या आकाराचे मैदान आखले होते आणि भाजून झालेली कणसे एकेका जागी ठेवली होती: पहिल्या बेसवर नेलर, मध्ये क्रॉफर्ड, मागे राली, बाहेर हुलिओ. दुसऱ्या बेसची जागा त्यांनी रिकामी सोडली होती. पुतण्या म्हणाला, ‘काका, इथेही ऑफिसात सगळे हेच विचारताहेत.’ अण्णांनी एक कोवळे कणीस उचलून त्या जागी ठेवले. सरांनी ते काढले नाही, पण तिसऱ्या बेसकडे बोट दाखवून विचारले, ‘आणि इथे?’ पिचर आणि कॅचर फेब्रुवारीत ॲरिझोनातल्या पिओरियाला सरावासाठी जमतील. तोवर आमचे चार-पाच रविवार तरी आहेत.